पोपट सापडला आहे!

पेण शहरात सापडलेल्या छत्रीला मालक मिळत नाही. ती देवळात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकाखाली पडून राहते आणि शेवटी ज्याला सापडली त्याचीच होते. पोपटाचं उलट आहे. पोपट सापडल्याची बातमी फुटायचा अवकाश, की गावात जेवढी घरं तेवढे मालक हजर होतात.

हे ज्ञान पेणच्या एका आत्यांना ऐन माघात झालं. सकाळी गॅलरीत पापड वाळत घालत असताना त्यांच्या खांद्यावर काहीतरी येऊन बसलं. पेणमध्ये पापड वाळत घालणाऱ्या बाईभोवती कावळ्यांनी घिरट्या घालणं ही रीतच आहे, म्हणून त्यांनी मान न वळवता "हाड!" म्हटलं. त्यावर खांद्यावरून स्वच्छ मराठीत प्रश्न आला, "चहा झाला का?"

"ओट्यावर झाकून ठेवलाय," आत्या म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की घरात त्यांच्याशिवाय कोणीच नाही. संसारात हा प्रश्न त्यांना हजारो वेळा विचारला गेला होता. विचारणाऱ्याला पंख असण्याची मात्र ही पहिलीच वेळ.

शेजारच्या अण्णांनी तातडीने गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी टाकली. लिहायचं होतं, "आत्यांकडे पोपट आहे, यावे." पण थंडीच्या दिवसांत रायगड जिल्ह्यातल्या फोनला एकच शब्द सुचतो. त्याने अण्णांच्या बोटाआधी पुढचं अक्षर पुरवलं आणि निरोप गेला, "आत्यांकडे पोपटी आहे, यावे." पोपटी म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याची मेजवानी, म्हणून संध्याकाळी लोक आले ते वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, भांबुर्ड्याचा पाला आणि कोरं मडकं घेऊन. एकाने तर मसाला लावलेली अख्खी कोंबडी आणली होती. पोपटाने एकदा कोंबडीकडे पाहिलं, एकदा पेटवायला आणलेल्या गवताकडे पाहिलं आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, "चहा झाला का?"

पोपटी लागली, शेंगा संपल्या, आणि मग तोंडं पुसत पुसत लोकांना पोपटाची ओळख पटू लागली.

"हा आमचा मिठू!" पहिला दावा आला. पुरावा काय, तर "मिठू म्हटलं की मान वळवतो." यावर दुसऱ्यांनी "मिठू" म्हटलं, तिसऱ्यांनी म्हटलं, पोपटाने सगळ्यांकडे मान वळवली. महाराष्ट्रातला कुठलाही पोपट मिठू म्हटल्यावर मान वळवतो. एका काकूंनी रंगावरून ओळख सांगितली: त्यांच्या मिठूचा हिरवा जरा वेगळा होता. तेव्हा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारे एक कारागीर पुढे आले. हिरव्या रंगाविषयी अधिकारवाणीने बोलावं असा तो जमलेल्यांतला एकमेव माणूस. त्यांनी डोळे बारीक करून निर्वाळा दिला, "काकू, हे सगळे एकाच डब्यातले."

मग गळ्यातल्या पट्ट्याचा मुद्दा निघाला. आपल्याकडच्या नेहमीच्या पोपटांत नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असते, मादीला ती नसते. गोम अशी, की नरालाही ही कंठी वयाच्या अडीच-तीन वर्षांनंतर फुटते. तोवर घरच्यांनी आपापल्या आवडीप्रमाणे बारसं उरकलेलं असतं. एका गृहस्थांनी मोठ्या विश्वासाने सांगितलं, "आमचा राजा नर होता, कंठी यायची बाकी होती." त्यांच्या पत्नीने तिथल्या तिथे आठवण करून दिली, "राजाने गेल्या शिमग्याला अंडं घातलं होतं." गृहस्थ म्हणाले, "ते टेन्शनमुळे."

काही दिवसांनी बातमी रोह्याला पोहोचली, आणि खरा दावेदार उठला. रोह्याच्या काकांचा राघू संक्रांतीच्या सुमारास उडाला होता. त्यांनी रिकामा पिंजरा उचलला आणि दिव्याकडे जाणारी गाडी पकडली.

रेल्वेच्या डब्यात रिकामा पिंजरा घेऊन बसलेल्या माणसाला कोणी गप्प बसू देत नाही. निडी यायच्या आत अख्ख्या डब्याला काकांचं दुःख कळलं होतं आणि नागोठण्यापर्यंत प्रत्येकाने आपापला पोपट बाहेर काढला होता. एकाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याची हकिकत सांगितली, आणि ती बनावट वाटावी अशी असली तरी खरी आहे. 2015 साली तिथल्या एका 85 वर्षांच्या आजीबाईंनी पोलिसांत तक्रार केली, की सावत्र मुलाने पोपटाला शिव्या शिकवल्या आहेत आणि त्या दिसल्या की तो पोपट त्यांना शिव्या घालतो. पोलिसांनी हरियल नावाच्या त्या संशयिताला ठाण्यात हजर केलं. समोर फिर्यादी, भोवती पोलीस. हरियलने तोंडातून अक्षर काढलं नाही. कुठल्याही वकिलाने दिला असता तोच सल्ला त्याने स्वतःच्या अकलेने पाळला. शेवटी त्याला वन विभागाच्या हवाली करण्यात आलं.

"त्यापेक्षा पुण्याचं ऐका," खिडकीजवळचा म्हणाला. 2022 साली एका 72 वर्षांच्या गृहस्थांनी खडकी पोलिसांकडे शेजाऱ्याच्या पोपटाविरुद्ध तक्रार दिली होती. कारण काय, तर तो सतत किंचाळतो आणि शिट्ट्या मारतो. पोलिसांनी अदखलपात्र नोंद घेतली. पुण्यात दुपारी एक ते चार या वेळेत आवाज करणाऱ्याला एवढ्यावर सोडलं, याचंच डब्याला नवल वाटलं.

"पण पोपट पाळायचा म्हणजे..." कोपऱ्यातली एक कॉलेजची मुलगी काहीतरी बोलू पाहत होती. तिला कोणी बोलू दिलं नाही. कासू येईपर्यंत डब्याचा एकमुखी ठराव झाला होता, की पोपटावर माया करावी ती रायगडकरांनीच.

आता या मायेचं जरा कौतुक करायला हवं, कारण पोपट पाळणारा एकही माणूस "मी पोपट पाळतो" असं म्हणत नाही. "आम्ही कुठे आणला? तोच आला." "पिंजऱ्याचं दार उघडंच असतं हो." (दार उघडं असतं, पंख कापलेले असतात.) "बाहेर मांजरं किती, त्याच्या जिवासाठीच ठेवलाय." "तो पक्षी नाहीच, घरचा माणूस आहे." या घरच्या माणसाला रात्री मालिका सुरू झाली की वरून फडकं टाकून गप्प करतात, पाहुणे आले की सर्वांसमोर बोलायला लावतात आणि गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्लीबरोबर ठेवून जातात. घरातल्या बाकीच्या माणसांशी असं वागायची इच्छा अनेकांना असते. पोपटाच्या बाबतीत ती पुरी करता येते.

आपल्या पूर्वजांची पोपटाकडून अपेक्षा तरी मोठी होती. पंडित मंडनमिश्राच्या दारात पिंजऱ्यातले पोपट वेदांच्या प्रामाण्यावर वाद घालत, असं सांगतात. बाणभट्टाने तर 'कादंबरी'तली गोष्ट वैशंपायन नावाच्या पोपटाच्या तोंडी दिली. 'शुकबहात्तरी'तला पोपट नवरा परगावी असताना घरधनिणीला रोज रात्री एक गोष्ट सांगून घरात बसवून ठेवतो, म्हणजे आजच्या मालिकांचं काम तो एकटा करत असे. ख्रिस्तपूर्व 400 च्या आसपास क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं, की भारतातला हा पक्षी तिथली भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल. त्यानंतर इतक्या शतकांनी आपण त्याला "मिठू मिठू" एवढ्यावर आणून ठेवलं आहे. आणि अमेरिकेत? 1977 साली दुकानातून आणलेल्या ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी करड्या पोपटाला आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी तीस वर्षं शिकवलं. 2007 मध्ये तो गेला तेव्हा त्याला शंभराहून अधिक शब्द येत होते; रंग, आकार आणि आकडे तो ओळखे, आणि एकच प्रश्न परत परत विचारला की कंटाळून मुद्दाम चुकीचं उत्तर देई. एवढी बुद्धी असलेला जीव दीड फुटाच्या पिंजऱ्यात वर्षानुवर्षं काय करत असेल? स्वतःची पिसं उपटतो. आपण म्हणतो, "उन्हाळ्याने."

काका पेणला उतरले तेव्हा आत्यांच्या गॅलरीत आणखी एक पाहुणा येऊन ठेपला होता: आत्यांचा पनवेलचा भाचा. हा भाचा मासिकांत लिहितो, म्हणजे जो विषय त्याला काल कळला त्यावर तो आज अर्धा तास बोलू शकतो. त्याला पाहून घरचे लोक सहसा कामाला लागतात. यावेळी गॅलरीत दावेदारांची रांग असल्याने त्याला आयताच श्रोतृवर्ग मिळाला.

"ताई, राघू हरिपाठ म्हणतो," काका पुरावा मांडत होते.

"हा चहा विचारतो," आत्या म्हणाल्या.

"हरिपाठ झाला की चहाच विचारायचा."

हा पुरावा इतका बिनतोड होता, की आत्यांचा हात पिंजऱ्याकडे गेलाच होता. तेवढ्यात भाचा म्हणाला, "थांबा. ज्यांचा कोणाचा हा पोपट असेल, त्यांनी आधी इथे नाव, पत्ता आणि सही द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार 1990-91 पासूनच बंद आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि आता तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तर पहिलं नाव कोणाचं लिहू?"

गॅलरी इतक्या झपाट्याने रिकामी झाली, की वाळत घातलेले पापड उडाले. वेगळ्या हिरव्या रंगाच्या काकू जाता जाता म्हणाल्या, "आमचा खरं तर कावळा हरवलाय." अंडं घातलेल्या राजाचे मालक म्हणाले, त्यांच्या घरी कधीच पोपट नव्हता, पत्नीने यावेळी आठवण करून दिली नाही. हरवलेल्या पोपटाची जाहिरात म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कबुलीजबाब असतो, हे पेणला एकदम उमगलं.

काका तेवढे जागचे हलले नाहीत. "आमच्या रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. आम्ही पोलिसांना काय घाबरायचं?" पण रोह्यातच वन विभागाचं कार्यालय आहे, आणि काकांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, निदान राघूच्या हाकेच्या. भाच्याने एवढं म्हटल्यावर काकांनी पिंजरा हळूच पायाने खुर्चीखाली सरकवला आणि सांगितलं, "मी भांडी विकायला आलो होतो."

या सगळ्यात आत्यांना एकच शंका होती. "पोपट पाळणं जगभर गुन्हा आहे का रे?"

इथे भाच्याची पंचाईत झाली. कारण वन्यजीवांच्या व्यापारावर देखरेख ठेवणारा 'साइट्स' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि त्याच्या याद्यांत जगातले झाडून सगळे पोपट आहेत. वगळलेत ते फक्त चार. बजरीगर, कॉकाटील, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि चौथा आपला हा कंठीवाला. जगाच्या दृष्टीने तो इतका मुबलक, की त्याची चिंता करायचं कारण नाही. लंडनच्या बागांत तर त्याचे मोकळे थवे फिरतात. ते तिथे कसे पोहोचले यावर इंग्रजांनी दोन आख्यायिका रचल्या आहेत: एक म्हणजे जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने कार्नाबी स्ट्रीटवर जोडी सोडली, आणि दुसरी, 1951 च्या एका सिनेमाच्या चित्रीकरणातून ते निसटले. 2019 मध्ये संशोधकांनी नोंदींचे नकाशे मांडून दोन्ही खोडून काढल्या. लोकांनी पाळलेले पोपट वर्षानुवर्षं पळत राहिले, एवढंच निघालं.

"म्हणजे लंडनमधला माणूस आमच्या पेणचा पोपट पाळू शकतो," आत्यांनी सावकाश हिशेब मांडला, "आणि पेणची मी पाळू शकत नाही?"

"तसंच काहीसं."

"आणि तरी आपण म्हणतो इंग्रज गेले!"

मालक नाहीसे झाल्यावर सल्लागार आले. अण्णा म्हणाले, "सोपं आहे. कर्नाळ्याला नेऊन सोडू. हायवेवर पाटीच आहे, पक्षी अभयारण्य." 1968 साली झालेल्या या अभयारण्याकडे अण्णा पक्ष्यांचं सरकारी वसतिगृह म्हणून पाहत होते: दारात नेऊन सोडायचं, आत जेवणाखाण्याची सोय. काकांनी फणसाड अभयारण्याचा पक्ष घेतला, कारण ते रोह्याहून जवळ आणि तिथे हायवेचं काम चालू नाही. एका आजींनी तर पोपट विकत घेऊन सोडण्याने मिळणारं पुण्य काढलं. त्यांच्या माहेरी दर वर्षी जोडी विकत आणून सोडत. विकणारा दर वर्षी तोच असे. त्याचा धंदा त्या पुण्यावर उत्तम चालला होता, कारण सोडलेल्या जोडीच्या जागी त्याला नवी पिल्लं धरून आणावी लागत.

पण ज्याला जन्मापासून वाटीत दाणे मिळाले त्या पक्ष्याला पेरू झाडावर असतो हेच ठाऊक नसतं. पंख कापलेले असतील तर जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत धड उडता येत नाही. माणसाची भीती नाही, मांजराची ओळख नाही, थव्याची भाषा येत नाही, आणि कावळे नवख्याला पाहून गोळा होतात. हे भाचा सांगत होता तेव्हा त्याचा श्रोता म्हणून फक्त पोपट उरला होता आणि तो भाच्याचा चष्मा सोलायचा प्रयत्न करत होता. हा पक्षी भुकेजला तेव्हा जंगलाकडे गेला नाही, एका बाईच्या खांद्यावर बसून चहाची चौकशी करू लागला. याहून मोठा पुरावा कुठला हवा?

वन विभागाला फोन करायचं ठरलं. 'हॅलो फॉरेस्ट'चा 1926 हा क्रमांक भाच्याला पाठ होता. गेली काही वर्षं तो लेखात द्यायची संधी शोधत होता. गाडी येईपर्यंत काकांना मात्र चैन पडेना. रिकामा पिंजरा घेऊन रोह्याला परत जायचं कसं? डब्यात काय सांगायचं?

"विदेशी घेतो मग," ते म्हणाले. "आफ्रिकेतला करडा. तो तर कायद्यात बसतो ना?"

बसतो, पण नुसता बसत नाही, कागद मागतो. आफ्रिकी करडा पोपट 2016 च्या परिषदेत साइट्सच्या सर्वांत कडक यादीत गेला, इतका तो पकडून पकडून संपवत आणला. आपल्याकडे 2024 पासून अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी परिवेश नावाच्या सरकारी पोर्टलवर करावी लागते, आणि कायद्याच्या 49 एम कलमाप्रमाणे त्याचा ताबा, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू हे सगळं कळवावं लागतं. शिधापत्रिकेवर नाव चढवायला ज्यांनी इतकी वर्षं टाळाटाळ केली, त्या काकांचा चेहरा उतरला. मृत्यू कळवण्याच्या अटीपाशी तर ते थबकलेच. अकबराचा पोपट मेला हे सांगायची हिंमत कोणाची झाली नव्हती. बिरबलाला आडवळणाने "डोळे मिटलेत, चोच उघडी आहे, हलत नाही" असं सांगावं लागलं. आता ते काम ऑनलाइन भरायचं.

"आणि जगतो किती?"

"चाळीस-पन्नास वर्षं सहज."

काकांनी बोटं मोजली. ते स्वतः सत्तरीला आलेले. "मग मृत्यू मी कळवायचा की त्याने?"

पुढचा अर्धा तास वारस शोधण्यात गेला. काकांच्या मुंबईच्या मुलाला फोन लावला. त्याने कोकणातलं घर, आमराई आणि तलाठ्याकडची भांडणं हे सगळं घ्यायची तयारी दाखवली, पण पोपट नको म्हणाला. पुण्याच्या पुतणीने सोसायटीच्या नियमांकडे बोट दाखवलं. दत्तक जाणाऱ्या पोपटांचं पुढे काय होतं याचा नमुना म्हणून भाच्याने इंग्लंडमधल्या लिंकनशायर वन्यजीव उद्यानाची गोष्ट सांगितली. 2020 मध्ये वेगवेगळ्या मालकांनी सोडून दिलेले पाच करडे पोपट तिथे एका खोलीत ठेवले. पाचही जण आपापल्या घरून शिव्या शिकून आलेले. एकाने शिवी हासडली की बाकीचे खो खो हसत, हसले की तो आणखी चेव येऊन शिव्या देई. कर्मचाऱ्यांनाही हसू आवरेना. शेवटी पाचांना वेगळं करावं लागलं.

"आपल्याकडे ग्रामसभेत हेच होतं," अण्णा म्हणाले, "पण वेगळं कोणी करत नाही."

वनरक्षक आला तो तरुण मुलगा निघाला. बरोबर हवेशीर पेटी, हातात जाड मोजे. पंचनामा करताना त्याने विचारलं, "मावशी, हा किती दिवसांपासून तुमच्याकडे?"

"कालपासूनच," आत्या म्हणाल्या. मागे खुर्चीवर पोपटासाठी शिवलेली गादी, झोपाळा आणि आरसा होता. वनरक्षकाने ते पाहिलं आणि काही लिहिलं नाही.

मग आत्यांनी आहार सांगायला घेतला. "सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट. एकच. दुपारी वरणभात, तूप घालून. आणि हिरवी मिरची रोज, तिखटातली, म्हणजे जीभ सुटते."

"मावशी, मिरचीने जीभ सुटत नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. आपल्या तोंडाला जी आग लागते ती त्यांना लागत नाही. त्याला मिरची म्हणजे काकडी."

गॅलरीत शांतता पसरली. पिढ्यान् पिढ्या पोपटाला मिरची खाताना पाहून "बघा, कसा तिखट खातो!" म्हणत पेणकरांनी जी मर्दुमकी त्याच्या खाती जमा केली होती, ती एका वाक्यात गेली. काका पुटपुटले, "मग मिरची पोर्तुगीजांनी आणायच्या आधी पोपट बोलायचे कशावर?" मंडनमिश्राचे पोपट त्यांना आठवले असावेत.

"चहा-बिस्किट तर आता बंदच होणार," वनरक्षक पुढे म्हणाला. "आणि पोपट विकायला कोणी टोपली घेऊन आलं तर आम्हाला कळवा. थंडीच्या शेवटाला यांची वीण असते. जुन्या झाडांच्या ढोलीत हात घालून पिल्लं काढतात. बाजारात पोचेपर्यंत कितीतरी मरतात. जी उरतात ती मिठू होतात." हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. काकांनी खुर्चीखालचा पिंजरा आणखी आत सरकवायला पाहिलं, पण मागे भिंत होती.

पोपट पेटीत गेला. आत्यांनी पदराने डोळे पुसले, मग पापडाचं पाकीट वनरक्षकाच्या हातात दिलं, त्याने ते नम्रपणे परत केलं, मग आत्यांनी ते बळेच काकांच्या पिंजऱ्यात ठेवलं. रोह्याच्या गाडीत रिकामा पिंजरा नेण्यापेक्षा पापडांनी भरलेला बरा, हे काकांनाही पटलं.

"याचं आता काय करणार, बाळा?" आत्यांनी विचारलं.

"आधी डॉक्टर तपासतील. मग मोठ्या पिंजऱ्यात दुसऱ्या पोपटांबरोबर ठेवतात, उडायचा सराव देतात. आम्ही त्याच्याशी बोलायचं नाही, लाडाने हाताने भरवायचं नाही. माणसाची भाषा विसरला, माणसाला घाबरायला लागला, की सोडायचं. सगळ्यांना जमत नाही, पण प्रयत्न करतात."

"म्हणजे मराठी विसरायला लावणार?"

"तसंच समजा, मावशी."

"मग त्याला एवढा मोठा पिंजरा कशाला?" आत्या म्हणाल्या. "इंग्रजी शाळेत घाला, सहा महिन्यांत विसरेल. आमच्या नातवाला विचारा हवं तर. पण इंग्रजीत विचारा."